आधी हप्ता काढा, मग कॉलेज ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा आणि ‘नीट’चा निकाल लागला की वणी, पुसद, मूर्तिजापूर, चिमूर अशा विदर्भातल्या गावांच्या बसस्टँडवर फिजिओथेरपी, लॅब, डायलिसिस, रेडिओलॉजी अशा अभ्यासक्रमांचे फलक झळकू लागतात. एमबीबीएस हुकलेले असते, मुलांना दवाखान्याच्याच क्षेत्रात राहायचे असते, आणि फलकावर खाली एक ओळ हमखास असते : ‘कर्जाची सोय उपलब्ध’. घरात मग चर्चा होते ती बँक कर्ज देईल का, एवढ्यापुरतीच. मिळालेले कर्ज आपल्या भागातल्या पगारातून फिटेल का, हा प्रश्न पहिला हप्ता कापला गेल्यावर पडतो. तोवर साडेपाच-सहा वर्षे उलटलेली असतात. हा हिशेब प्रवेशाआधी अर्ध्या तासात कागदावर मांडता येतो. तो कसा मांडावा आणि कुठे चुकतो, यासाठी हे पत्र. जागा जास्त घेतो आहे, पण आकडे दिल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

समजा, मुलाला खासगी महाविद्यालयात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला आणि फी, खोली, मेस धरून वर्षाला दीड लाखाचे कर्ज उचलायचे ठरले. चार वर्षांचे सहा लाख. व्याजदर १०.५ टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि ते संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. त्यामुळे अनेक पालकांचा समज असा की तोवर व्याजही नाही. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते. आतापर्यंतचा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वरचे एक वर्ष धरले, तर पहिल्या दीड लाखावर साडेपाच वर्षांचे, दुसऱ्यावर साडेचार, तिसऱ्यावर साडेतीन आणि चौथ्यावर अडीच वर्षांचे व्याज चढते. त्याची बेरीज २ लाख ५२ हजार. या काळात सरळ व्याज लावतात म्हणून एवढ्यावर भागते. हप्ता सुरू होतो त्या दिवशी हे व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि पासबुकात ८ लाख ५२ हजार दिसतात. सहा लाखच घेतले होते, बँकेने फसवले, अशी तक्रार घेऊन माणसे शाखेत येतात ती याच दिवशी. फसवलेले नसते, सुरुवातीला कोणी हे मांडून दाखवलेले नसते.

या ८ लाख ५२ हजारांचा दहा वर्षांचा हप्ता महिना साधारण ११,५०० रुपये पडतो. पंधरा वर्षांचा घेतला तर ९,४००. दोन हजारांनी हलका वाटतो, पण दहा वर्षांत एकूण १३ लाख ८० हजार भरले जातात आणि पंधरा वर्षांत १७ लाखांच्या आसपास. आणखी एक गोष्ट. सहाय्यभूत आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ चा केंद्रीय कायदा आला आणि त्याखालच्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रमात फिजिओथेरपीची पदवी पाच वर्षांची आहे, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. इंटर्नशिपचे अर्धे वर्ष वाढले म्हणजे सहा लाखांवर आणखी ३१,५०० रुपये व्याज वाढले, आणि कमाई सहा महिने पुढे गेली. बऱ्याच खासगी महाविद्यालयांत इंटर्नशिपचे विद्यावेतन नाममात्र असते किंवा नसतेच. प्रवेश घेताना ‘इंटर्नशिपमध्ये महिन्याला किती मिळते’ हा प्रश्न फीच्या प्रश्नाइतकाच स्पष्ट विचारला पाहिजे.

आता समोरची बाजू, पगाराची. माहितीपत्रकात पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातला आकडा छापलेला असतो, तोही बहुधा सर्वांत वरचा. आपल्याला लागतो तो जिल्ह्याच्या ठिकाणचा पहिल्या तीन वर्षांतला, हातात पडणारा आकडा. त्यासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी भरतीच्या जाहिराती चांगला आधार आहेत, कारण त्या जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. त्यांत प्रयोगशाळा तंत्रज्ञाला १७ हजार, फिजिओथेरपिस्टला २० हजार असे मासिक मानधन वर्षानुवर्षे दिसते. नेमणूक ११ महिने २९ दिवसांची. नायब तहसीलदारासारखी कायम पदाची शाश्वती त्यात नाही. खासगी दवाखान्यांत नव्या मुलांना बहुतेक वेळा याहून कमीच मिळते. कायम सरकारी पद मिळाले तर चित्र निराळे : प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकाऱ्याचे मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होते. पण ती भरती कधी निघेल आणि किती जागांची असेल, हे कोणाच्या हातात नाही. म्हणून सरकारी पगार धरून कर्ज काढणे म्हणजे पेरणीआधीच बोंडे मोजणे. मिळाला तर कर्ज लवकर फेडू, असे म्हणावे; हिशेबात धरू नये.

वीस हजारांतून साडेअकरा हजार हप्ता गेला तर साडेआठ हजार उरतात. नागपुरात धंतोली-रामदासपेठेच्या एखाद्या रुग्णालयात नोकरी असेल तर खोली, मेस आणि येण्याजाण्यात ते संपतात. मग हप्ता बापाच्या तुरीतून, सोयाबीनमधून भरला जातो. म्हणून उलटा हिशेब करावा. माझ्या मते हप्ता हातात पडणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाऊ नये. वीस हजारांच्या पगारात हप्ता पाच हजारांचा. दहा वर्षांच्या मुदतीत पाच हजारांचा हप्ता सुमारे ३ लाख ७० हजारांचे कर्ज फेडतो. त्यातले चढलेले व्याज वजा केले तर चार वर्षांत मिळून प्रत्यक्ष उचलायची रक्कम निघते साधारण २ लाख ६० हजार. सहा लाख आणि दोन लाख साठ हजार यांतले अंतर कुठून भरायचे, ते आधी ठरले पाहिजे. ते ठरत नसेल तर ती जागा आपल्यासाठी महाग आहे, भले बँक कर्ज द्यायला तयार असो.

स्वतःचा दवाखाना टाकू, असे उत्तर लगेच येते. तोही हिशेब करून पाहू. तालुक्याच्या गावात फिजिओथेरपीचे केंद्र टाकायचे तर आयएफटी आणि टेन्स (विजेच्या सौम्य प्रवाहाने वेदना कमी करणारी यंत्रे), अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन (ताण देण्याचे साधन), टेबल, शेकाची सोय असे किमान साहित्य लागते. त्यासाठी १ लाख ८० हजार घेतले आणि १२ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता चार हजार. रोज सहा रुग्ण, प्रत्येकी २०० रुपये, महिन्याचे २४ दिवस : जमा २८,८००. गाळ्याचे भाडे ४,०००, वीज १,२००, घरी जाऊन उपचार करायचे तर पेट्रोल आणि गाडीचा खर्च ३,०००, यंत्रांचा हप्ता ४,०००. उरले १६,६००. त्यातून शिक्षणाचा हप्ता ११,५००. हातात पाच हजार शंभर. आणि रोज सहा रुग्ण हे पहिल्या महिन्यापासून येत नाहीत. कंबर, गुडघा, खांदा धरलेली माणसे गावोगाव आहेत, लकव्यानंतर हात-पाय परत चालते करायचे असलेलेही आहेत. गरज खरी आहे. पण दहा बैठकांचा उपचार सांगितला की रुग्ण तीन-चार दिवस येतो, थोडा आराम पडतो आणि येणे थांबते. त्याची कारणेही खरी आहेत : प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. जूनमध्ये पेरणीच्या वेळी आणि कापूस वेचणीच्या हंगामात तर खुर्च्या रिकाम्या असतात. ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज नाही किंवा थोडे आहे, तो हे दोन-तीन वर्षांचे बस्तान बसेपर्यंतचे दिवस काढू शकतो. साडेअकरा हजार हप्त्याचा माणूस सहाव्या महिन्यात गाळ्याला कुलूप लावतो आणि पुण्याला जातो. आपल्या तालुक्यांत हे लोक टिकत नाहीत, त्याचे एक मोठे कारण हे आहे, आणि त्यावर कोणी बोलत नाही.

लॅबच्या बाबतीत आणखी एक अडचण. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले की पॅथॉलॉजीच्या अहवालावर त्या विषयातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. बीएमएलटी (लॅब तंत्रज्ञानाची पदवी) करून स्वतःची लॅब टाकणार, असे स्वप्न असेल तर पॅथॉलॉजिस्टला दरमहा काय द्यावे लागेल, ते खर्चात धरा.

आता त्या कागदाविषयी, जो बहुतेक घरांत असतो आणि वापरला जात नाही : तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. केंद्र सरकारची शैक्षणिक कर्जावरील व्याज अनुदानाची योजना २००९ पासून आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, अभ्यासक्रम व्यावसायिक असेल, महाविद्यालय योजनेच्या मान्यतेच्या अटीत बसत असेल आणि कर्ज बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेखाली घेतलेले असेल, तर शिक्षणाचा काळ आणि पुढचे एक वर्ष, एवढ्याचे सगळे व्याज सरकार भरते. वरच्या उदाहरणात ते २ लाख ५२ हजार होते. ते सरकारने भरले तर हप्ता सहा लाखांवरच बसतो : ११,५०० ऐवजी सुमारे ८,१००. दरमहा ३,४०० रुपयांचा फरक, तोही दहा वर्षे. कोरडवाहू पाच-सात एकरांच्या घराचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आतच असते, म्हणजे ग्रामीण विदर्भातली बहुतेक मुले यात बसायला हवीत.

मग अडते कुठे? पहिली गोष्ट, अनुदान आपोआप मिळत नाही. शाखेला दरवर्षी पोर्टलवर मागणी टाकावी लागते; या योजनेची नोडल (सर्व बँकांच्या मागण्या हाताळणारी) बँक कॅनरा बँक आहे. शाखेत माणूस बदलला, विद्यार्थ्याचा आधार क्रमांक कर्जखात्याला जोडलेला नाही, नावाचे स्पेलिंग गुणपत्रिकेत एक आणि आधारवर दुसरे, एवढ्या कारणाने मागणी राहून जाते, आणि हे कळते तेव्हा दोन-तीन वर्षे गेलेली असतात. दुसरी गोष्ट, दाखला कर्ज मंजूर होतानाच द्यावा लागतो आणि दिल्याची पोच घ्यावी लागते. तिसरी, हे अनुदान पतसंस्था किंवा फायनान्स कंपनीच्या कर्जाला नाही. फायनान्स कंपनी दोन दिवसांत मंजुरी देते म्हणून तिकडे वळणारे पालक व्याजदर जास्त देतात, बहुधा पहिल्या महिन्यापासून व्याज भरतात आणि वर हे अनुदानही गमावतात. चौथी, शिक्षण अर्धवट सोडले तर अनुदान हातचे जाते. माझा आग्रह आहे की दरवर्षी मार्च संपला की कर्जखात्याचा उतारा मागावा आणि त्यात अनुदान जमा झाल्याची नोंद शोधावी. नसेल तर शाखा व्यवस्थापकाला लेखी विचारावे. ज्यांचे उत्पन्न मर्यादेच्या वर आहे, त्यांनी जमेल तर शिकत असतानाच व्याज भरत जावे. वरच्या उदाहरणात ते पहिल्या वर्षी महिना १,३०० आणि चौथ्या वर्षी ५,२५० पडते. काही बँका असे भरणाऱ्यांना दरात एक टक्का सूटही देतात. ओबीसी कुटुंबांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे. तिची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी.

पण कर्जाच्या आधी फी कमी होते का, ते पाहायला हवे, आणि इथे सगळ्यांत मोठी चूक घडते ती प्रवेशाच्या फेरीत. राज्यात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी यांचे प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर राज्याच्या सीईटी कक्षाच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून होतात. शिष्यवृत्ती आणि फीमाफी या फेरीतून मिळालेल्या जागेलाच आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. याच उत्पन्न मर्यादेतल्या खुल्या आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलांना शिक्षण शुल्कात पन्नास टक्के सवलत आहे. तीच मुलगी व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर प्रवेश घेईल तर एक पैसाही माफ नाही. अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांतही ही माफी नाही. कॅपची दुसरी-तिसरी फेरी बाकी असताना ‘सीट जाईल’ या भीतीने कोट्यात पैसे भरणारे पालक दरवर्षी दिसतात. ज्या मुलीला फक्त मेस-खोलीपुरते दोन-अडीच लाख लागले असते, तिच्या नावावर मग सहा-सात लाख चढतात. कॉलेज सांगते ती फी खरी का, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयाच्या नावापुढे पाहता येते. त्याहून जास्त मागत असतील तर पावती मागा. मागितली की बहुतेक वेळा जास्तीची रक्कम गळून पडते.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, तिच्यात केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार-जोडलेल्या खात्यात येतो. तो सगळाच मेसच्या खर्चासाठी नसतो, त्यातली फी कॉलेजला सात दिवसांत भरायची असते. खरिपाच्या तोंडावर ती रक्कम घरात वापरली गेली की वर्षाच्या शेवटी कॉलेज हॉल तिकीट अडवून बसते आणि मग सावकाराचे दार. राहण्या-जेवणासाठी अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयंम, ओबीसींसाठी आधार आणि अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. त्यांचे अर्ज दरवर्षी नव्याने भरावे लागतात. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, ते अकरावी-बारावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अर्ज करून मिळवावे. निकालानंतर धावपळ केली तर जागा जाते.

फीसाठी पीककर्ज वापरण्याची सवय मात्र मोडलीच पाहिजे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते बिनव्याजी पडते (वर सांगितलेली वसतिगृहाची योजना वेगळी, नाव एकच असल्याने घोटाळा होतो). जुलैमध्ये उचललेले पीककर्ज कॉलेजच्या फीत गेले, त्या वर्षी कापसाला भाव नाही, कर्ज मुदतीत फिटले नाही. सवलत गेली, खाते थकीत झाले, वडिलांचा सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा गुणांक) पडला. शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार असतात. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी बँकेत गेल्यावर तिथेही नकार, आणि पुढच्या हंगामाला पीककर्जही नाही. एकाच फीने दोन्ही दारे बंद होतात. म्हणून शैक्षणिक कर्ज पहिल्याच वर्षी, सगळ्या अभ्यासक्रमासाठी एकदम मंजूर करून घ्यावे, उचल वर्षावर्षाने करावी. वडिलांचे खाते आधीच थकीत असेल तर आई, काका किंवा मोठा भाऊ सहकर्जदार चालतील का, ते शाखेत विचारावे आणि अर्ज टाकण्याआधी सिबिलचा उतारा काढून पाहावा. फेडलेले जुने कर्ज अनेकदा त्यात अजून उभेच दिसते.

बँक ‘नाही’ म्हणते तेव्हा कारण लेखी मागावे. चार लाखांपर्यंत तारण आणि मार्जिन (खर्चातला आपला हिस्सा) दोन्ही मागता येत नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारची पतहमी योजना आहे, त्यामुळे तिथवर सातबारा गहाण मागण्याचे कारण नाही. ‘तुमचे गाव आमच्या सेवाक्षेत्रात नाही’ हे कारण शैक्षणिक कर्जाला लागू नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना कळवलेले आहे. अर्ज शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर टाकला तर त्याचा क्रमांक राहतो आणि ‘अर्जच आला नाही’ असे म्हणता येत नाही. आधी बँकेकडेच लेखी तक्रार करावी; तिला तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते. साडेसात लाखांच्या वर तारण लागते आणि तिथे शेतकरी अडतो, कारण शेतजमिनीवर सरफेसी कायद्याने (कोर्टात न जाता तारण विकण्याचा बँकांचा अधिकार) वसुली करता येत नाही म्हणून बँकांना शेत तारण नको असते. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन असेल तर आणखी कठीण. पण खरे सांगायचे तर आपल्या भागातल्या पगारांकडे पाहता या पदव्यांसाठी साडेसात लाखांच्या वर जाण्याची वेळ आली, तर तिथेच थांबून फेरविचार करावा.

तालुक्याच्या गाळ्यांत चालणाऱ्या ‘पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट’बद्दल थोडक्यात. एका वर्षात डायलिसिस किंवा ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन, परीक्षा परराज्यातल्या कुठल्याशा विद्यापीठाची, हजेरी नाही. अशा प्रमाणपत्रावर परिषदेची नोंदणी होत नाही, सरकारी जाहिरातीत अर्ज चालत नाही, बँक कर्ज देत नाही. आरोग्याशी निगडित अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये बजावले आहे. पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी पाहाव्यात : परीक्षा कोणते विद्यापीठ घेते (राज्यात ते बहुतेक वेळा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ असते) आणि पास झाल्यावर नोंदणी कोणत्या परिषदेत होते.

हे सगळे वाचून कोणी या क्षेत्राकडे पाठ फिरवावी, असे मला मुळीच वाटत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या सिकलसेलच्या पट्ट्यात नीट चाचणी करणारा तंत्रज्ञ हवा आहे, अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात (खाऱ्या भूजलाच्या भागात) किडनीच्या रुग्णांना डायलिसिसवर बसवणारे हात हवे आहेत. फक्त वाट स्वस्त हवी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी) हा अभ्यासक्रम आहे, तीन वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप. नागपूरच्या मेडिकलमध्ये फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या शासकीय जागा आहेत. अशा जागी वर्षाला ४० हजारांप्रमाणे चार वर्षांत १ लाख ६० हजार उचलले, तर व्याजासह २ लाख १९ हजारांच्या आसपास होतात आणि पाच वर्षांचा हप्ता ४,७०० पडतो. व्याज अनुदान मिळाले तर ३,४५० च्या आत. सतरा हजारांच्या कंत्राटी पगारातही हा हप्ता निघतो, आणि मुलगा पाच वर्षांत मोकळा होतो. दहा गुण कमी पडून अशी जागा हुकली असेल, तर एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणे हे सहा लाखांच्या कर्जापेक्षा अनेकदा स्वस्त पडते. पसंतीक्रम भरताना घराजवळचे खासगी कॉलेज वर आणि लांबचे शासकीय खाली, असे कधीच करू नये. कॅपमध्ये वरची पसंती मिळाली की खालची जागा हातची जाते.

ज्यांचा हप्ता सुरू झाला आहे आणि भरणे जमत नाही, त्यांनी शाखेत जायला उशीर करू नये. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खाते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे थकीत कर्ज) ठरते आणि मग व्यवस्थापकाच्याही हातात फारसे काही राहत नाही. त्याआधी लेखी अर्ज दिला तर मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढवून हप्ता कमी करता येतो, आणि नोकरी नसल्याच्या काळात हप्ता थांबवण्याची तरतूदही बँकांच्या आदर्श योजनेत आहे. अर्जासोबत नोकरी सुटल्याचे पत्र किंवा पगारपत्रक जोडावे.

आपल्या दैनिकामार्फत दोन मागण्या मांडतो. एक, शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीपत्रासोबत प्रत्येक बँकेने मराठीत एक पान द्यावे : शिक्षण संपेपर्यंत व्याज किती चढेल, हप्ता सुरू होताना बाकी किती असेल, हप्ता किती पडेल आणि व्याज अनुदानासाठी हा विद्यार्थी पात्र आहे की नाही. दुसरी, जिल्हास्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत शाखानिहाय दोन आकडे जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवावेत : नाकारलेले शैक्षणिक कर्ज अर्ज कारणांसह, आणि पात्र असूनही व्याज अनुदानाची मागणी न पाठवलेली खाती. हे आकडे बँकांच्या संगणकात आजही आहेत. अमरावती आणि नागपूर या दोन्ही विभागांच्या आयुक्तांनी येत्या प्रवेशाच्या हंगामाआधी ते मागवावेत, ही विनंती.

आपला,
शैक्षणिक कर्जाचे काम जवळून पाहिलेला एक वाचक
दारव्हा, जि. यवतमाळ